विनोदाची बैठक

चित्रपटातला एखादा विनोदी नट दूरचित्रवाणीच्या मालिकेत दिसू लागला की आपल्याकडच्या दिवाणखान्यांतून एक ठरलेला शेरा ऐकू येतो, ‘संपला बिचारा!’ पुढे ती मालिका पाच-सहा महिन्यांत बंद पडली की हा शेरा कायमचा होतो. गवयाचा आवाज बसला तर श्रोते हळहळतात; पण हसविणाऱ्याचे हसे जमले नाही तर लोक त्याची कीव करतात, आणि ही कीव त्या हळहळीपेक्षा फार निर्दय असते. शोकांत भूमिका करणाऱ्याला एखादे वेळी ‘प्रेक्षकांना कळले नाही’ असे म्हणण्याची सोय असते. विनोदी नटाला तीही नाही. हसू आले नाही म्हणजे नाही!

हा शेरा न्याय्य आहे काय, असा प्रश्न मला आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. माझे स्वतःचे मत असे की बहुतेक वेळा तो न्याय्य नसतो. कला ही कलावंताच्या एकट्याच्या अंगात असते, तो जिथे जाईल तिथे ती त्याच्या मागोमाग जाते, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात तिला एक बैठक लागते. जागा, वेळ, संगत आणि समोरचा श्रोता या चार पायांवर ती उभी असते. यांतले दोन-तीन पाय काढून घ्यायचे आणि मग ती कलंडली म्हणून कलावंताला बोल लावायचा, हा व्यवहार बरा नव्हे. मी गाणे शिकवितो. विनोदी नटांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच. परंतु बैठक मोडणे म्हणजे काय ते आमच्या घराने पाहिलेले आहे.

उदाहरणासाठी मी एक परदेशी नट घेतो, कारण त्याची कहाणी आता पुरी झालेली आहे आणि तिच्याकडे शांतपणे पाहता येते. नॉर्मन विज्डम हे त्याचे नाव. जुन्या पिढीतल्या ज्यांनी छावणीतल्या किंवा रेल्वे क्लबातल्या पडद्यावर इंग्रजी चित्रपट पाहिले असतील, त्यांना तोकडा कोट घातलेला, तिरकी टोपी चढविलेला, सदा धडपडणारा हा ठेंगणा माणूस कदाचित आठवत असेल. त्याचा जन्म १९१५ च्या फेब्रुवारीत लंडन येथे झाला. बाप मोटारचालक, आई शिवणकाम करणारी. नऊ वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. बाप मारकुटा. पोराने रस्त्यावर रात्री काढल्या, निरोप्याची कामे केली आणि पोटासाठी अखेर १९३० च्या सुमारास सैन्याचा आश्रय घेतला.

त्याची पलटण होती दहावी हुसार, आणि तिच्याबरोबर तो आला तो थेट आपल्या लखनौला. तिथे तो घोड्यावर बसायला शिकला, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यात मुष्टियुद्धाच्या हलक्या वजनी गटाचा विजेता झाला आणि ट्रंपेट, क्लॅरिनेट अशी वाद्ये शिकला. हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. त्याच लखनौत त्याच काळी भातखंड्यांनी १९२६ साली उघडलेल्या मॅरिस कॉलेजात श्रीकृष्ण रातंजनकर शिकवीत होते, आणि रातंजनकरांची तालीम झाली होती आमच्या बडोद्यात, गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर, फैयाजखाँसाहेबांपाशी. छावणीतला बँडवाला पोर आणि कॉलेजातले पंडित यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. मला सांगायचे ते एवढेच की हसविणारा म्हणून जगाला ठाऊक झालेला हा माणूस मुळात लयीच्या घरातला होता. आधी त्याच्या हाती वाद्य आले आणि विनोद त्याच्यामागून आला.

लढाई संपल्यावर, तिशी उलटल्यानंतर, तो रंगभूमीवर आला. डेव्हिड निक्सन नावाच्या जादूगाराच्या खेळात गोंधळ घालणारा प्रेक्षक म्हणून काम करताना त्याला तो प्रसिद्ध वेष सापडला. दोन मापांनी अपुरा कोट, मुरगळलेली कॉलर, पिळवटलेला टाय आणि कपाळावरून वर गेलेली टोपी. १९५३ मध्ये रँक कंपनीचा ‘ट्रबल इन स्टोअर’ हा चित्रपट निघाला. मोठ्या दुकानातला हा एक सामान हलविणारा पोऱ्या. दर्शनी खिडकी सजवायला मिळावी एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. लंडनच्या ज्या ६७ चित्रपटगृहांत हा चित्रपट लागला, त्यांपैकी ५१ ठिकाणी त्याने तोवरचे उत्पन्नाचे उच्चांक मोडले. विज्डमला त्या वर्षीच्या सर्वांत होतकरू नवोदिताचे ब्रिटिश पारितोषिक मिळाले. तेव्हा त्याचे वय ३९ होते! पुढे १९६६ पर्यंत जवळजवळ दरसाल एक चित्रपट. १९५८ च्या ‘द स्क्वेअर पेग’मध्ये रस्ते दुरुस्त करणारा मजूर सैन्यात जातो. १९६२ मध्ये तो पोलिसात शिरू पाहतो, १९६३ मध्ये इस्पितळात गोंधळ घालतो, १९६५ मध्ये दूध वाटतो.

या चित्रपटांची घडण पाहिली तर ती ख्यालाच्या बढतीसारखी आहे. एका भल्याथोरल्या संस्थेत, म्हणजे दुकान, इस्पितळ, पोलीस ठाणे, आरमार अशा ठिकाणी, हा एवढासा प्राणी शिरतो. त्याच्या हातून एक लहान चूक होते. ती निस्तरताना दुसरी होते, तिच्यातून तिसरी फुटते. पाहता पाहता ती सबंध इमारत, तिचे साहेब, तिची शिस्त सारे कोसळते, आणि त्या ढिगाऱ्यातून हा टोपी सावरीत बाहेर येतो. दीड तासाच्या त्या काळात विलंबित आहे, मध्य आहे, द्रुत आहे आणि प्रेक्षक ज्या समेची वाट पाहतो तीही आहे. अशी एकेक पडझड आठवडा आठवडा तालीम करून, पुन्हा पुन्हा चित्रित करून बसविता येत असे. पडणे सोपे, पण मात्रेवर पडणे कठीण. त्याला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट संगतीची. विज्डमचे नाव झाले, परंतु त्याच्या समोर उभे राहणारे दोन गृहस्थ आपण विसरतो. एक जेरी डेसमंड आणि दुसरा एडवर्ड चॅपमन. डेसमंड हा उंचापुरा, रुबाबदार, कपड्याची घडी न मोडणारा मनुष्य. विज्डमच्या आधी त्याने सिड फील्ड या थोर विनोदी नटाची संगत केलेली. चॅपमन हा पुष्कळ चित्रपटांत ग्रिम्सडेल नावाचा वैतागलेला साहेब होई, आणि विज्डमने मारलेली ‘मिस्टर ग्रिम्सडेल!’ ही आर्त हाक इंग्रजांच्या घराघरांत नकलेचा विषय झाली. या दोघांनी स्वतः कधी विनोद केला नाही. ते ठेका धरून बसले. ठेका पक्का असेल तरच गवय्याला लयीशी खेळता येते. ठेकेवालाच तान मारू लागला तर गाणे संपले. डेसमंडचा चेहरा जितका ताठ राही, तितका विज्डमचा लोळणफुगडा गोड वाटे.

याचा सर्वांत उत्तम पुरावा दूरचित्रवाणीवरच आहे, हे विशेष. १९६१ च्या अखेरीस इंग्लंडात नटांच्या संघाने व्यापारी वाहिनीविरुद्ध संप पुकारला. लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहातून दर रविवारी होणाऱ्या कार्यक्रमासाठी कलावंत मिळेनात. तेव्हा सूत्रसंचालक ब्रूस फोर्साइथ आणि नॉर्मन विज्डम या दोघांनीच सबंध तासाचा कार्यक्रम अंगावर घेतला. भिंतीला कागद चिकटविण्याचा त्यांचा प्रवेश अजून नावाजला जातो. छोटा पडदा तोच, पण भरलेले नाट्यगृह होते, समोर जोडीदार होता, हातात तास होता आणि सारे जिवंत, त्या क्षणाचे होते. तेव्हा दूरचित्रवाणीला विज्डम पेलला नाही किंवा विज्डमला दूरचित्रवाणी पेलली नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही.

मग काय बिनसले? १९६६ साली रँककडचा त्याचा शेवटचा चित्रपट आला. १९६७ मध्ये जेरी डेसमंड वारला. त्याच सुमारास विज्डम अमेरिकेत ब्रॉडवेवर ‘वॉकिंग हॅपी’ या संगीतिकेत गाजत होता, आणि १९६८ च्या ‘द नाइट दे रेडेड मिन्स्कीज’ या तिकडच्या चित्रपटात त्याची वाहवा झाली. पण १९६९ मध्ये त्याचा संसार मोडला. मुलांचा ताबा न्यायालयाने त्याच्याकडे दिला. त्याच वर्षी तरुण पोरीच्या नादी लागलेल्या प्रौढाची भूमिका करून त्याने काळाबरोबर धावण्याचा एक प्रयत्न केला, तो साफ फसला. इंग्रजी चित्रपटांचा नूर तोवर पालटला होता. तोकड्या कोटातल्या भाबड्या पोऱ्याला तिथे जागा उरली नव्हती.

अशा वेळी, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो घरगुती विनोदी मालिकांकडे वळला. १९७० मध्ये ‘नॉर्मन’ नावाची मालिका निघाली. तिच्यात तो आयकर कचेरीतली नोकरी सोडून संगीताच्या पाठी लागलेला गृहस्थ झाला होता. (कचेरी सोडून गाण्याच्या पाठी लागलेले गृहस्थ माझ्या वर्गात दोन-चार आहेत, त्यांत विनोद कमी आणि घरच्यांचा वैताग अधिक असतो.) ती लवकरच आटोपली. १९७३ मध्ये दिवास्वप्ने रंगविणाऱ्या एका नगण्य माणसाची दुसरी मालिका आली, तीही तशीच गेली. १९७४ पासून १९७६ पर्यंत तिसरी चालली. तिच्या नावात त्याच्या आडनावावर कोटी होती, आपल्या भाषेत ‘थोडेसे शहाणपण’ अशी. तीन सत्रे झाली आणि तीही थांबली. सहा-सात वर्षांत हा सारा मामला आटोपला. आज इंग्रज माणूस विज्डमविषयी बोलू लागला की चित्रपटांवर बोलतो. या मालिकांचे नाव क्वचितच निघते.

आता घरगुती विनोदी मालिका ही काय चीज आहे ते पाहिले पाहिजे. अर्ध्या तासाचा अवकाश, त्यातून व्यापारी वाहिनीवर जाहिराती वजा जाता पंचवीस मिनिटे. जागा म्हणजे एक दिवाणखाना, तीन भिंतींचा. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. दर आठवड्यास नवी गोष्ट, आणि ती संपताना सारी माणसे पुन्हा आपापल्या मूळ जागी परतलेली. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. मालिकेतला मनुष्य अडकलेला असावा लागतो. इंग्लंडात त्या वेळी गाजत असलेली ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका घ्या. भंगारवाला बाप आणि त्याच्यापासून सुटू पाहणारा, पण न सुटणारा मुलगा. दर आठवड्यास मुलगा दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. १९६२ पासून लोकांनी ते वर्षानुवर्षे पाहिले, कारण विनोद त्या दोघांच्या नात्यात होता. भिंती दोन हातांच्या असोत की वीस हातांच्या, तिथे फरक पडत नव्हता.

विज्डमचा विनोद याच्या नेमका उलट. तो अडकत नाही. तो शिरतो, मोडतो आणि वर निघतो. चित्रपटाच्या शेवटी त्या पोऱ्याला मुलगी मिळते, मान मिळतो, साहेब गुडघ्यावर येतो. हे दर आठवड्यास कसे व्हावे? झाले तर पुढच्या आठवड्यास पोऱ्या पुन्हा पोऱ्या कसा? आणि मोडायला काय आहे? तीन भिंतींच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. जो मनुष्य सबंध इस्पितळ उलथेपालथे करीत असे, त्याला चहाच्या पेल्यांवर भागवावे लागले. मोठ्या पडद्यावर तो पायापासून टोपीपर्यंत दिसे आणि त्याच्या भोवतालची प्रचंड इमारतही दिसे. तो लहान आहे हे त्यावरून कळे. छोट्या पडद्यावर सगळेच लहान. तिथे लहान माणसाचे लहानपण दाखविणार कशाच्या मापाने?

शिवाय वय. पोराचा वेष चाळिशीत शोभला, कारण अंगात वीज होती. पन्नाशी उलटल्यावर तोच वेष, तेच खिदळणे पाहताना प्रेक्षकाच्या हसण्यात काळजी मिसळते; आणि काळजी आली की हसू पळाले. डेसमंड गेलेला. दर आठवड्यास नवी गोष्ट उभी करायची म्हणजे तालमीला दिवस मोजके. वेळ नाही, जागा नाही, जुनी संगत नाही. चार पायांपैकी तीन गेले, आणि आपण विचारतो की बैठक का मोडली!

ही अडचण त्या एकट्याची नव्हती. मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन हा तर त्याहून थोर. १९५० च्या सुमारास लॉस एंजलिस येथे त्याने जिवंत प्रक्षेपणाचा कार्यक्रम केला, तो चालला. तोच पुढे, १९५१ मध्ये, फिल्मवर उतरवून देशभर दाखविण्याचा खटाटोप झाला तेव्हा त्यातला जीव गेला. दर आठवड्यास पुरेल इतका नवा माल आपल्याजवळ नाही, हे पाहून कीटनने तो स्वतःच थांबविला. याउलट लुसिल बॉल ही चित्रपटांत दुय्यम समजली गेलेली नटी. १९५१ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली आणि ती दूरचित्रवाणीची सम्राज्ञी झाली. तिने आणि तिच्या नवऱ्याने आग्रह धरला की प्रेक्षक समोर बसलेले हवेत. कार्ल फ्रॉइंड या मुरब्बी छायालेखकाने एकाच वेळी चालणाऱ्या तीन कॅमेऱ्यांची योजना केली. खेळ न थांबता चाले आणि समोरचे हसू कानावर पडे. म्हणजे त्या बाईंनी कला नेताना बैठकही बरोबर नेली.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. १९९५ मध्ये झी वाहिनीवर ‘हम पाँच’ सुरू झाली, तेव्हा अशोक सराफ मराठी चित्रपटातले अव्वल विनोदी नट होते. तिथे त्यांनी चित्रपटातला धुमाकूळ नेला नाही. पाच मुलींचा बाप, कात्रीत सापडलेला मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणून ते घराच्या मधोमध उभे राहिले, आणि गोंधळ भोवतालच्यांना घालू दिला. भिंतीवरच्या फोटोतून दिवंगत पत्नी बोलते, ती प्रिया तेंडुलकर. तिच्याशी होणारे त्यांचे संवाद आठवा. थोडक्यात, आजवर गाणारा मनुष्य तिथे ठेका धरून बसला. हे सर्वांना साधत नाही, आणि साधले नाही म्हणून तो कलावंत उणा ठरत नाही.

इथे मला घरचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात विशीच्या आतच लागले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. म्हणून दरबार मी पाहिला नाही, ऐकला. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारी गवई, वादक यांना नवी वाट शोधावी लागली. पुष्कळांनी धरली तशी अण्णांनी नभोवाणीची वाट धरली. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. बंद खोली, समोर काच, भिंतीवर लाल दिवा. पहिल्या खेपेस त्यांनी दरबारातल्या सवयीने राग मांडायला घेतला आणि अंतऱ्यावर येतात तोच दिवा विझला! अण्णा ही हकीकत हसत सांगत. पण त्यानंतर ते जे बोलत, ते हसण्यासारखे नव्हते. ते म्हणत, “अरे, पंधरा मिनिटांचे गाणे म्हणजे तासाच्या गाण्याचा चौथा हिस्सा नव्हे. ते निराळेच गाणे आहे, आणि ते मला कोणी शिकविले नव्हते.” आणखी एकदा म्हणाले होते, “समेवर मान हलविणारे कोणी नसले म्हणजे सम आपल्यालाच दोनदा दाखवाविशी वाटते.”

हे दुसरे वाक्य मी विनोदी नटांना लावून पाहतो तेव्हा पुष्कळ उलगडा होतो. नव्या जागी गेलेला हसविणारा अधिक जोराने का हसवू पाहतो, डोळे का मोठे करतो, एकाच कोटीवर पुन्हा का थांबतो? लोक म्हणतात, ‘आचरटपणा वाढला.’ वस्तुतः त्याला सम मिळत नसते. म्हणून तो ती दोनदा दाखवितो.

आपल्या संगीताच्या इतिहासात हीच परीक्षा तबकडीने घेतली. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी! अब्दुल करीमखाँ हे आमच्या बडोदे दरबारचेच जुने गवई. त्यांनी त्या तीन मिनिटांत अशी काही दुनिया उभी केली की आजही ती ऐकताना आपण घड्याळ विसरतो. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे मात्र तबकडीवर उतरलेच नाही. त्यांच्या गायकीचा डौल आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखावा लागतो. यावरून अल्लादियाखाँ लहान आणि अब्दुल करीमखाँ मोठे असा निवाडा कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. एकाचे गाणे त्या चौकटीत बसले, दुसऱ्याचे तिथे गेलेच नाही. संगीताच्या बाबतीत एवढा विवेक आपण बाळगतो. विनोदी नटाच्या बाबतीत तो का सोडावा?

कोणी म्हणेल, ही सारी सबब झाली. खरा कलावंत कुठेही कला दाखवितोच. याला उत्तर विज्डमच्याच चरित्रात आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. १९८१ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो बीबीसीच्या ‘गोइंग जेंटली’ या नाट्यपटात दिसला. दिग्दर्शक स्टीव्हन फ्रिअर्स. कर्करोगाच्या वॉर्डात मरणाची वाट पाहणाऱ्या एका निवृत्त विक्रेत्याची भूमिका. शेजारच्या खाटेवर फुल्टन मॅके, परिचारिका म्हणून जुडी डेंच. टोपी नाही, तोकडा कोट नाही, धडपड नाही. पाहणारे थक्क झाले. तोच छोटा पडदा, तीच चार भिंतींची खोली. परंतु या वेळी त्याच्याकडे कोणी जुना खेळ मागितला नाही. त्या खोलीला साजेल असे काम त्याला दिले आणि त्याच्या तोलाची माणसे शेजारी दिली. जी जवळीक विनोदाच्या पडझडीला मारक ठरली होती, तीच त्याच्या चेहऱ्यावरच्या थकव्याला पोषक झाली.

म्हणजे दोष पडद्याचाही नव्हता आणि नटाचाही नव्हता. दोष फर्माइशीचा होता. १९५३ चा पोऱ्या १९७० च्या दिवाणखान्यात आणून बसवा, ही फर्माइश.

फर्माइश करणारे कोण? निर्माते, हे तर खरेच. पण निर्माता आपल्याकडे पाहूनच मागणी करतो. आपणच जुन्या नटाला पाहताच म्हणतो, ‘ते मागचे करून दाखव.’ विज्डमच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहिला तर लोकांचे प्रेम आटले नव्हते, हे दिसून येते. अल्बानियात एन्व्हर होजाच्या एकतंत्री राजवटीत पाश्चात्य चित्रपटांना बंदी होती, पण साहेबाला जेरीस आणणारा हा मजूर तिथल्या सरकारला चालला. पिढ्यान् पिढ्या तिथली मुले त्याला ‘पिट्किन’ म्हणून ओळखत. १९९५ मध्ये तो तिथे गेला तेव्हा त्याचे राजासारखे स्वागत झाले. २००० साली इंग्लंडच्या राणीने त्याला ‘सर’ केले. तो मान घेऊन परत फिरताना त्याने मुद्दाम अडखळून पडल्याचा आविर्भाव केला, आणि राणीला हसू आले. ती पडझड बरोबर मात्रेवर झाली, कारण भोवती राजवाडा होता, शिस्त होती, ताठ उभी असलेली माणसे होती. त्या एका क्षणापुरती त्याची जुनी बैठक सगळीच्या सगळी तिथे हजर होती. २०१० च्या ऑक्टोबरात, ९५ वर्षांचा होऊन, तो वारला.

आता हा विषय मी आपल्या गावात आणतो, कारण इंग्लंडातल्या नटाची बाजू मांडून आपले काही सुटत नाही. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांना कलावंतांचे अप्रूप आहे, याविषयी वाद नाही. गणेशोत्सवात, कोजागिरीला, मंडळाच्या वर्धापनदिनी आपण वृद्ध गवयांना, जुन्या नटांना अगत्याने बोलावतो. नारळ देतो, शाल देतो. पण त्यानंतर काय करतो? सत्कार, भाषणे, बक्षीस-समारंभ यांत दीड तास गेल्यावर सांगतो, ‘बुवा, वीस मिनिटांत आटपा, पण तुमची ती प्रसिद्ध चीज झालीच पाहिजे.’ तबलजी आयत्या वेळी मिळेल तो. समोर मुले धावताहेत, मागे जेवणाच्या ताटांचा आवाज. आणि घरी परतताना म्हणतो, ‘आता पूर्वीचे राहिले नाही हो!’ जुन्या नाटकातल्या विनोदी नटाचीही तीच गत. त्याने एकट्याने उभे राहून नाटकातला प्रवेश करून दाखवायचा. समोरच्या पात्राचे संवाद तोच म्हणणार, हसे पडण्याची जागाही तोच सोडणार!

यात बदल करणे आपल्या हातचे आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. वृद्ध कलावंताला बोलावताना आधी विचारावे, ‘आपल्याला किती वेळ लागेल, साथीला कोण हवे, आणि हल्ली आपल्याला काय करावेसे वाटते?’ या तीन प्रश्नांतला तिसरा सर्वांत मोलाचा आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्या अपेक्षेबाहेरचे येते. माझ्या ओळखीचे एक वयोवृद्ध गवई आताशा मोठा ख्याल गात नाहीत. पण पाच-सहा माणसांत बसून जुन्या बंदिशी, त्या कोणाकडून आल्या, कुठे पाठभेद झाला, हे सांगत गुणगुणतात तेव्हा जे मिळते ते त्यांच्या ऐन उमेदीतल्या मैफलींतही मिळत नसेल. त्यांना व्यासपीठावर बसवून ताना मागणे म्हणजे त्यांच्यावर आणि आपल्यावरही अन्याय.

आणि चित्रपटातला एखादा हसविणारा मालिकेत येऊन चार महिन्यांत दिसेनासा झाला, तर ‘संपला’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याच्यासमोर कोण उभे होते, त्याला तालमीला दिवस किती होते, आणि त्याच्याकडे मागितले काय होते, हे एकदा पाहावे. अण्णांनी पुढे त्या पंधरा मिनिटांचे गाणे बसविले, ते चांगले होई. पण त्याला त्यांना सहा वर्षे लागली, आणि तेवढा काळ नभोवाणीने त्यांना दिला. आजच्या वाहिन्या सहा आठवडेही देत नाहीत. निदान आपण श्रोत्यांनी आणि प्रेक्षकांनी तरी इतकी घाई करू नये.